न धुतलेलं दुपटं

फाल्गुन लागला की आमच्या गावच्या वाऱ्याला अजूनही कडब्याचा वास येतो. खरं म्हणजे येऊ नये. ज्वारी आता नावापुरती उरली आहे. दुधनेच्या काठापर्यंत सोयाबीन आणि त्यानंतर हरभरा. मळणीयंत्र येतं, घटकाभर धूळ उडवतं आणि पुढच्या शेतात निघून जातं. खळी गेली, खळ्यात गोल फिरणारे बैल गेले. तरी दुपार कलली आणि ओसरीत बसलं की कुठून तरी तो गोडसर, किंचित कुबट वास येतो. त्याच्या मागोमाग दुसरा एक वास येतो, मिठाचा, कडुलिंबाच्या पाल्याचा आणि वाळलेल्या कातड्याचा. पहिल्याबद्दल मी सगळ्यांशी बोलतो. दुसऱ्याबद्दल कुणाशी बोललेलो नाही.

यंदाच्या सुगीत वहिनी गेली. माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा तिच्या आधीच गेला होता. आमच्या पिढीतला आता मी एकटाच राहिलो. तेरावा झाला, पुराणिकबुवांनी सांगितलं की आत्म्याला जन्म नाही आणि मरणही नाही. मग पंगत बसली. बुंदी चांगली झाली होती. मी दोनदा घेतली. दुसऱ्यांदा वाढून घेताना मला एकदम भुरी म्हैस आठवली आणि घास तोंडातच राहिला. का आठवली ते पुढे येईल.

सुतक फिटलं म्हणून पुतणीने, मंगलने, घरातलं चिरगूट न् चिरगूट धुवायला काढलं. माझ्या उशाशी वहिनीची जुनी शाल होती.

"काका, ही कशाला ठेवलीत इथं? द्या, टाकते भिजत."

"राहू दे."

"अहो, शेवटी शेवटी अंगावर हीच होती आईच्या."

"म्हणूनच राहू दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हातारा शिकलेला आहे, कपाटभर पुस्तकं वाचून बसलाय, आणि असं करतो. तिचं बरोबरच होतं. शिकलेल्या माणसाने शाल नाकाशी धरायची नसते. शिकलेल्या माणसाने फोटोला हार घालायचा असतो.

भुरीची ती सुगी निजामाच्या राज्यातली. मी परभणीच्या हायस्कुलात शिकत होतो. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत, घरचं पत्र मराठीत. आमचे मौलवीसाहेब मंतिक शिकवत, म्हणजे तर्कशास्त्र. एकदा फळ्यावर खडू टेकवून त्यांनी सांगितलं, "इन्सान हैवान-ए-नातिक है. याने बोलनेवाला जानवर." वर्गात खसखस पिकली. जिंतूरकडचा एक वात्रट मुलगा उभा राहिला. "साब, फिर तोता?" मौलवीसाहेब शांतपणे म्हणाले, "तोता बोलता नहीं बेटा, रटता है. तुम्हारी तरह."

तापाची साथ आली, शाळा बंद झाली आणि मी हे वाक्य खिशात घालून गावी आलो. आमचे अण्णा, म्हणजे वडील, रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळात पोथी सांगत. त्यांना मी मोठ्या ऐटीत ते ऐकवलं. अण्णा रागावले नाहीत. धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "देहाला जनावर म्हण, माझी ना नाही. पण देह म्हणजे तू नव्हेस. बैलगाडी म्हणजे गाडीवान नव्हे रे." त्या वयात उत्तर सुचलं नाही की माणूस ते पटलं असं समजतो.

त्याच आठवड्यात दादाचं लेकरू तापाने गेलं. दात यायला लागले होते त्याला. हाती लागेल ते चावायचं. तान्ह्याला जाळत नाहीत. अण्णांनी स्वतः त्याला शेताच्या कोपऱ्यात, लिंबाखाली पुरलं. परत येऊन त्यांनी आंघोळ केली आणि संध्याकाळी देवळात जाऊन नेमाचा अध्याय सांगितला. आवाज हलला नाही. रात्री जेवायच्या आधी ते माजघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले आणि आत पाहून म्हणाले, "सूनबाई, गाडीवान उतरून गेला. गाडीसाठी रडायचं नसतं." वहिनी रडली नाही. पण त्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली. स्वयंपाक करी, पाणी भरी, हाक मारली की वर बघे. शब्द मात्र नाही.

गाडीवान उतरला होता, पण दूध थांबलं नव्हतं. ही गोष्ट पोथीत कुठे येत नाही. माय, म्हणजे माझी आई, रोज सकाळी पदराखाली झाकून एक वाटी परसात न्यायची आणि कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून रुईच्या झुडपाच्या बुंध्याशी रिकामी करायची. आम्ही पुरुष त्या वेळी दुसरीकडे बघायचो. दादा तर आढ्याकडे बघायचा. घरात सगळ्यांना एकच लाज वाटत होती आणि ती नेमकी कशाची ते कुणाला सांगता आलं नसतं. लेकरू नाही हे वहिनीच्या मनाला कळलं होतं, अंगाला कळत नव्हतं. आणि अंगाला एवढा अडाणीपणा शोभत नाही असं आम्हाला वाटत होतं.

गोठ्यातही तेच चाललं होतं. भुरी म्हणजे आमची भुऱ्या रंगाची म्हैस. तिचं रेडकू मेलं आणि तिने पान्हा चोरला. कासेला हात लावू देईना. मग नेहमीची रीत. रेडकाचं कातडं सोडवून आणलं. दादाने आणि मी त्याला मीठ चोळलं, लिंबाचा पाला आणि बारीक कडबा भरला, सुतळीने शिवलं. पायांच्या जागी काठ्या. डोळ्यांच्या जागी काहीच नाही. ते बाहुलं पुढ्यात ठेवलं तशी भुरीने लांब श्वास घेतला, चाटायला लागली, आणि तिचा पान्हा सुटला. धारेचा आवाज भांड्यात घुमला. दादा कास सोडून तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "लय सोपं हाय की रे हिचं."

एकदा शिवण उसवली आणि पोटातला कडबा बाहेर आला. चाटता चाटता भुरीने तो खाल्ला. सावकाश, चावत चावत. अण्णांनी मला मुद्दाम हाक मारून दाखवलं. "बघ. पोराच्या पोटातला चारा खाते. आणि तुझा मौलवी म्हणतो माणूस जनावर!" मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "बोलणारं जनावर म्हणतो ना तो? मग बोलणं गेलं की काय उरतं रे?" हा टोमणा नव्हता. त्यांचे डोळे माजघराकडे लागले होते. अण्णा घाबरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

ज्वारी कापून झाली की जिंतूरच्या डोंगराकडून धनगर खाली उतरत. मोकळ्या रानात मेंढरं बसवली की शेताला खत होई, मेंढरांना धसकटातला पाला मिळे. त्या वर्षीही आले. एक दिवस दुपारी त्यांच्यातली धुरपता नावाची म्हातारी आमच्या अंगणात आली. पदरात काहीतरी हालत होतं.

"मालकीणबाई, गाईचं घोटभर दूध असल तर द्या. लेकरू शेळीचं पिईना गेलंय. पिलं की वकायलंय."

"आई कुठं हाय त्याची?" मायने विचारलं.

"तापात गेली की. माझीच लेक. आन् माझं थान तर वाळून लाकूड झालंय. त्ये बी चोखून बघितलं हिनं. शिव्या दिल्या आस्त्याल मनात."

माय हसली आणि हसल्याबद्दल तिला वाईट वाटलं. एवढ्यात लेकरू रडलं. आवाज कसला, मांजराच्या पिलासारखा चिरका धागा. वहिनी माजघरातून दारात आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिचा पदर दोन्हीकडून भिजत चालला होता आणि ती धुरपताच्या पदरात गुंडाळलेल्या हालचालीकडे बघत होती. धुरपताने ते पाहिलं आणि नजर खाली टाकली. दादाने आढ्याकडे पाहिलं.

अण्णांनी बराच विचार केला. धनगराचं लेकरू, आमची सून. शेवटी म्हणाले, "हे पुण्याचं काम आहे. पण रीतीने करा." त्या कामाला पुण्य हे नाव सापडलं तसं सगळ्यांना हायसं वाटलं. मायने लेकराला आंघोळ घातली. पाट मांडला. दिवा लावला. आतून आमच्या लेकराची कुंची आणली.

ती पाहून धुरपता मागे सरली. "मेलेल्या लेकराची? नगं माय. कोकरू मेलं की आमी त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराला बांधतो, मग मेंढी घेती त्याला. मेंढीला करत्यात आसं. माणसाला कुणी करत असत्यात का?"

मायला ते झोंबलं. "आमी काय कातडं बांधायलो का? रिठ्यानं धुवून, उन्हात वाळवून ठिवलीय. मऊ हाय म्हणून घालायले. तुला आपलं मेंढराबिगर काही सुचतच न्हाई."

वहिनी पाटावर बसली. लेकराला तिच्या मांडीवर दिलं. स्वच्छ लेकरू, स्वच्छ कुंची, रिठ्याचा वास. मी ओसरीवर पाठ फिरवून बसलो होतो, पण मला सगळं ऐकू येत होतं. लेकरू आधी हुंगत राहिलं, मग चिडलं, मग रडायला लागलं. "घे ना गं बाई," माय वहिनीला म्हणत होती, "घे ना. देवाचं काम हाय." वहिनी लाकडासारखी. एका घोटाएवढंही दूध उतरलं नाही. मघाशी पदर भिजवणारं ते दूध दिवा, पाट आणि पुण्य बघून आत कुठे पळालं कुणास ठाऊक. शेवटी धुरपताने लेकरू उचललं. "त्यांचा काय दोष. मेंढी बी..." म्हणाली आणि तिने जीभ चावली.

माय तिला म्हणाली, "बस, भाकरी खाऊन जा." खळ्यावर उपणायला वारा सुटला होता, म्हणून आम्ही सगळे तिकडे गेलो. मधेच दोर कमी पडला आणि मी तो आणायला घरी आलो. ओसरीत भाकरीच्या ताटाजवळ धुरपता बसल्या जागी पेंगत होती. पदरात लेकरू नव्हतं.

दोर गोठ्यात असायचा. दारातच धुतलेली कुंची पडलेली होती, शेणात. आत वहिनी जमिनीवर बसली होती. लेकरू तिने एका दुपट्यात गुंडाळलं होतं. ते दुपटं मी ओळखलं. आमचं लेकरू शेवटी ज्यात होतं ते. माय ते धुवायला आठवडाभर शोधत होती. कडब्याच्या पेंढ्यांमागे वहिनीने ते लपवलं असावं, कारण त्याला काड्या चिकटलेल्या होत्या. वहिनीचं नाक लेकराच्या टाळूवर होतं आणि ती हुंगत होती. बघत नव्हती, हुंगत होती. शेजारी भुरी तिच्या कडब्याच्या रेडकाला चाटत होती. गोठ्यात दोनच आवाज होते. खरखरीत जिभेचा, आणि लेकराच्या घुटक्यांचा.

मी दोर न घेताच मागे फिरलो. मागे धुरपता उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज करडा होता. "मालक, ह्ये मी बघितलं न्हाई. तुमी बी न्हाई."

इतकी वर्षं मी तेच केलं. बघितलं नाही.

पुढे लेकरू आमच्याकडेच राहिलं. वहिनी तिला पाजायची ती गोठ्यात, त्या दुपट्यात. गल्लीतल्या एका काकू एकदा दारातून म्हणाल्या, "काय गं, गोठ्यात पाजतीस? घर लहान पडलं का तुला?" वहिनी नुसती हसली. लेकराच्या मनगटाला वळ्या पडल्या. धुरपता दिवसाआड येऊन बघायची आणि कौतुकाने कुरकुरायची, "आमच्या कोकराला शेतकऱ्याचं दूध चढलंय. आता मेंढरामागं चालती का पालखी मागती, कुणास ठाव!" देवळात अण्णांच्या सुनेचं पुण्य गाजलं. अण्णा ते ऐकून मान हलवत. गोठ्याकडे मात्र ते फिरकले नाहीत.

मी नंतर पुष्कळ वाचलं. माणूस कुठून आला, कोणाचा भाऊबंद आहे, याची पुस्तकं वाचली, आत्म्याचीही वाचली. दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो आणि मी घातलाही. पण मला वाटतं, आम्ही जनावर म्हणवून घ्यायला नाकारतो ते अहंकाराने नव्हे. भीतीने नाकारतो. जनावराला समजावता येत नाही. गाडीवान उतरला, जुनं टाकलं, नवं घेतलं, असं काही त्याला सांगता येत नाही. अण्णांनी नातवाला स्वतःच्या हाताने मातीत ठेवलं होतं. आत्मा हाच त्यांच्या हातात उरलेला एक दोर होता. तोही सुटला असता तर ते उभे राहिले नसते. त्यांचं कडबा भरलेलं बाहुलं पोथीतलं होतं, एवढंच. आणि त्याच्याने त्यांना पान्हा फुटत होता, हे खोटं कसं म्हणू?

वैशाख सरत आला. धनगरांची डोंगराकडे परतायची वेळ झाली. लेकराला आता शेळीचं दूध पचत होतं. धुरपता न्यायला आली तेव्हा वहिनीने लेकराला घट्ट धरलं आणि म्हणाली,

"ठिवता का हिला?"

"बोलली!" माय ओरडली. "आवो, सूनबाई बोलली!" अण्णा धावत आले. दादाचे डोळे पाणावले. मायने देवापुढे साखर ठेवली. वहिनीने काय विचारलं ते त्या आनंदात कुणाच्या कानावर गेलंच नाही. ऐकलं ते एका धुरपताने.

"माय, लेकीची एवढीच निशाणी हाय मला," ती म्हणाली. "कशी ठिवू सांगा?"

वहिनीने अण्णांकडे पाहिलं. अण्णा मऊपणे म्हणाले, "आपलं काम झालं, बाळ. पुण्याला दावं लावायचं नसतं." वहिनीने मान हलवली. लेकराला त्याच दुपट्यात गुंडाळलं आणि धुरपताच्या हातात दिलं. कुंची आणायला माय आत गेली, तोवर म्हातारी अंगणाबाहेर पडली होती.

मी भुरीला घेऊन नदीवर गेलो. दुधनेला डोहापुरतंच पाणी होतं. भुरी मानेपर्यंत बुडून बसली. पलीकडच्या काठाने मेंढरं निघाली होती. धूळ, घुंगरांचा आवाज, एखादं भुंकणं. धूळ वळणाआड गेली आणि सगळं शांत झालं.

तेव्हा गावातून तो आवाज आला.

त्याला शब्द नव्हता. सुरुवातही नव्हती, तो जणू आधीपासून चालूच होता आणि आता नदीपर्यंत पोचला होता. लांब, खालून वर चढत जाणारा, शेवटी फाटलेला. मला वाटलं, गावात कुणाची तरी म्हैस. मग माझ्या लक्षात आलं की भुरीने पाण्यातून डोकं वर काढलंय. तिचे कान पुढे झाले. तिने आमच्या घराच्या दिशेने तोंड केलं, मान ताणली, आणि ओ दिली. पुन्हा तो आवाज आला. पुन्हा तिने ओ दिली.

मी तिला ओढतच गावात आणली. पारावर माणसं जमली होती. कुणीतरी अण्णांना विचारत होतं, "काय झालं हो? कसला आवाज व्हता त्यो?"

अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते म्हणाले, "काही नाही. आमची म्हैस हंबरली. रेडकासाठी."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी पाराजवळून गेलो. माझ्या हातात दावं होतं, दाव्याला भुरी होती, भुरीच्या अंगावरून नदीचं पाणी निथळत होतं. एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही.

अण्णांनी ते प्रतिष्ठेसाठी केलं, असं मी बरीच वर्षं समजत होतो. आता तसं वाटत नाही. बाईने असा आवाज काढला तर लोक म्हणतात अंगात वारं आलं, वेड लागलं. त्यांनी सुनेला म्हशीच्या आड लपवलं. माणसाला जनावर म्हणू नका म्हणून ते आयुष्यभर भांडले, आणि तिला वाचवायला त्यांना जनावरच सापडलं. दुसऱ्या दिवशी ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा गोठ्यात गेले, रेडकाचं बाहुलं उचललं आणि शेताच्या कोपऱ्यात, लिंबाखाली नेऊन पुरलं. कुणाला हात लावू दिला नाही.

वहिनी पुढे बोलू लागली. मंगल झाली. राज्य बदललं, शाळा मराठी झाल्या, मी मास्तर झालो. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. बोलायचंच झालं तर "म्हैस हंबरली तो दिवस" असं म्हणत. वहिनीसुद्धा तसंच म्हणायची. मला वाटायचं, ती विसरली, किंवा तिला ते पटलं.

यंदा माघात तिची खाट अंगणात उन्हाला टाकली होती. अंगावर ही शाल. मी शेजारी पुस्तक घेऊन बसलो होतो. ती डोळे मिटून होती. झोपली असावी, म्हणून मी पान उलटलं.

"भावजी."

"काय वहिनी?"

"त्या दिशी तुमी भुरीला घिऊन नदीवर व्हता न्हाई?"

मी पुस्तक मिटलं. "हो."

"तिनं ओ दिली व्हती का? का मला भास झाला?"

"दिली होती वहिनी. दोनदा."

तिने हळूच शाल गळ्यापर्यंत ओढली. मग डोळे न उघडता म्हणाली,

"घरात येवढी माणसं व्हती. ओ तिनंच दिली."